बिनदाराच्या घराला चिकटवलेला व्हीप

भारतीताई साळवेंनी त्या सकाळी तिसऱ्यांदा बोटांवर नावं मोजली आणि तिसऱ्यांदाही आठच भरली. नऊ हवी होती. सतरा सदस्यांच्या निंबळगाव नगरपंचायतीत ज्याच्या बाजूने नऊ हात वर होतील तो नगराध्यक्ष, एवढं साधं गणित.

त्यांच्या पक्षाचा नववा सदस्य म्हणजे तांबेवस्तीचा गोरक्षनाथ. आठ दिवसांपूर्वी तो सासुरवाडीला जातो म्हणाला आणि थेट विरोधी पक्षाच्या श्रीमंतरावांच्या सहलीच्या गाडीत जाऊन बसला. निवडीआधी सदस्यांना लांब कुठंतरी नेऊन ठेवायचं, मटण-भाकरी खाऊ घालायची, मोबाईल काढून घ्यायचे आणि मतदानाच्या दिवशी सभागृहाच्या पायरीवर आणून उतरवायचं, ही आपल्याकडची रीतच. एरवी तालुका न ओलांडलेली माणसं या रीतीपायी महाबळेश्वर बघून आली. हाही विकासच म्हणायचा.

"ताई, तुमी कशाला काळजी करता?" त्यांच्या पक्षाचा तालुका चिटणीस चेतन म्हणाला. "व्हीप बजावलाय ना आपण. त्यानं तिकडं हात वर केला की गेलं त्याचं पद. एवढी छाती न्हाई त्याची."

व्हीप म्हणजे पक्षाचा हुकूम. तो सदस्याच्या हातात द्यायचा. माणूस सापडला नाही तर घराला चिकटवायचा, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि पंचनामा जोडायचा. चेतनने हे सगळं नीट केलं होतं. पंचनाम्याचा मजकूर तहसीलीबाहेरच्या टायपिस्टकडे तयारच असतो, नुसतं नाव बदलायचं. ताईंनी जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून, कानाला फोन लावलेला असतानाच सही केली होती.

त्यांच्यासारख्या बाईने हे करावं, याचं मला अजून नवल वाटतं. ताईंचे वडील भिंगारला एका ठेकेदाराकडे कामाला होते. त्यांनी एकदा न वाचता सही केली आणि कागदात निघालं की गडी स्वखुशीने काम सोडतोय. त्या दिवसापासून घरात एकच नियम झाला: वाचल्याशिवाय सही नाही. हाच नियम घेऊन भारती लग्नानंतर निंबळगावात आली. नळासाठी बायका घेऊन ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसली, पंच झाली, सरपंच झाली. पक्षाची तालुका अध्यक्ष झाली तेव्हा पक्ष म्हणजे एक पाटी आणि तीन खुर्च्या होत्या. गावाची नगरपंचायत झाल्यावर पहिली नगराध्यक्ष तीच. वाटेत तिने कित्येक ठेकेदारांचे कागद वाचून परत पाठवले. लोक म्हणायचे, ताईंना चहा पाजता येतो, कागद पाजता येत नाही.

आता दुसऱ्या वेळची निवड होती, आणि प्रश्न नुसत्या खुर्चीचा नव्हता. ऊसतोडीला गेलेल्यांच्या सत्तर पोरांसाठी ताईंनी वसतिगृह चालवलं होतं. आईबापांचा कोयता कारखान्यावर गेला तरी पोरगं शाळेत राहायचं. श्रीमंतरावांनी भर चौकात सांगून टाकलं होतं की आपण आलो की त्या इमारतीत दुकानाचे गाळे काढू. पोरांच्या पेट्या तर अजून तिथंच होत्या.

अकरा वाजता सभागृह भरलं. बाहेर दोन्ही बाजूंचे ढोलवाले आपापले ढोल तापवत बसले होते. ताईंच्या छातीत त्याहून मोठा ढोल वाजत होता. प्रांतसाहेबांनी व्हीपचा पंचनामा वाचायला घेतला.

"सदर सदस्य घरी मिळून न आल्याने पक्षादेश त्यांच्या राहत्या घराच्या दरवाजास चिकटविण्यात आला."

गोरक्षनाथ ताडकन उठला. सहलीने त्याच्या गालावर जरा तेज आलं होतं.

"साहेब, हा पंचनामा खोटा हाय. माझ्या घराला दारच न्हाई."

सभागृह खो खो हसायला लागलं. तांबेवस्ती शनिशिंगणापूरच्या शिवेला लागून. तिथले लोक देवाची रीत पाळतात. घराला चौकट असते, तिला पडदा असतो, दार नसतं. हे निंबळगावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. टायपिस्टला नव्हतं, आणि चेतनला सुचलं नाही.

"कुठं चिकटवला होतास?" ताईंनी दबक्या आवाजात विचारलं.

"पाण्याच्या टाकीला," चेतन पुटपुटला. "पर ताई, चौकट म्हंजी दारच की. मी भांडतो. तासभर गोंधळ घालू, सभा तहकूब हुईल, मग नवा व्हीप बजावू."

सभा तहकूब झालीही असती. ताईंना ते पक्कं ठाऊक होतं. वसतिगृहातल्या पेट्या डोळ्यांसमोर आल्या आणि जीभ भांडायला शिवशिवली. पण खाली सही त्यांची होती, ठसठशीत. बापाची आठवण येऊन त्यांना स्वतःची एवढी लाज वाटली की कान तापले.

त्या उभ्या राहिल्या.

"गोरखभाऊ खरं बोलतात, साहेब. मी न वाचता सही केली, चूक माझी आहे. ज्या घराला दार नाही, त्याच्या दाराला चिकटवलेला व्हीप रद्द, असं इतिवृत्तात लिहून घ्या. गोरखभाऊंनी मनाला येईल तिथं हात वर करावा."

चेतनने कपाळावर हात मारला. बाईने भर सभेत स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. श्रीमंतरावांना तर आनंद कुठं ठेवू नि कुठं नको असं झालं.

"लिहा साहेब, ठळक लिहा," ते म्हणाले. "आपलं अनुमोदन हाय त्याला. आणा, सही करतो."

आणि केली. वाचलं नाही.

तेवढ्यात श्रीमंतरावांच्याच बाकावरून भागूबाई उठल्या. साठीची बाई, तीस हंगाम ऊस तोडलेली. शेजारचा वॉर्ड बायकांना राखीव झाला तेव्हा श्रीमंतरावांनी त्यांना उभं केलं, आणि तेव्हापासून ते सांगतील तेव्हा त्या हात वर करत. सहलीला मात्र त्या गेल्या नव्हत्या. म्हैस व्यायला झाली होती.

"साहेब, एक इचारू का? माझं घर गोरखच्या घराला लागूनच हाय. मधली भिंत एकच. मलाबी दार न्हाई. मी वैरणीला गेल्ते तवा श्रीमंतआबांच्या मानसांनी माझ्याबी घराला कागद लावला म्हनं. मग त्योबी रद झाला का?"

हसू विझलं. प्रांतसाहेबांनी श्रीमंतरावांच्या फायलीतून दुसरा पंचनामा काढला. तोच टायपिस्ट, तोच मजकूर, तोच दरवाजा. नाव तेवढं वेगळं.

"मावशी, तुमी खाली बसा," श्रीमंतराव म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. "तुमाला न्हाई कळायचं त्यातलं."

"म्हनून तर इचारतीया."

"रद्द झाला," प्रांतसाहेब म्हणाले. "ठराव आत्ताच झालाय, श्रीमंतराव. अनुमोदन तुमचंच आहे."

मतदान सुरू झालं. ताईंच्या बाजूने हात वर आले. एक, दोन, पाच, आठ. ताईंना मागे वळून बघायचा धीर होईना. मग काचेच्या बांगड्या किणकिणल्या. भागूबाईंचा हात वर होता, मनगटावर कोयत्याचा जुना वण असलेला. त्या कुणाकडे बघत नव्हत्या.

"माझी नात आरती ताईंच्या वसतिगृहातच ऱ्हाऊन धाव्वी झाली," त्या म्हणाल्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. "तिनं उसाचं पाचट बघितलं न्हाई."

प्रांतसाहेबांनी दोनदा मोजलं. नऊ.

बाहेर ढोल असा फुटला की खिडकीच्या काचा थरथरल्या. चेतन बाहेर धावला आणि नाचतच परत आत आला, मुठीत गुलाल आणि डोळ्यांत पाणी. ताईंनी भागूबाईंचे दोन्ही हात धरले. इतका आनंद त्यांना पहिल्या वेळीही झाला नव्हता.

कारकुनाने पदभाराचा कागद पुढे केला. "इथं सही करा ताई, लोक खोळंबलेत."

"खोळंबू दे," ताई म्हणाल्या. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची ओढून घेतली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.