चार खिडक्या आणि चाळीस लाद्या

मी एक जुना फळा आहे. शाळेतला नव्हे, मित्रांनो. माझ्यावर कधी कोणी खडूने पाढे लिहिले नाहीत. कफ परेडच्या मच्छीमार नगरात, मच्छीमारांच्या एका सोसायटीच्या कचेरीत मी टांगलेला आहे. मोडीत निघालेल्या बोटीच्या सागवानी फळ्या जोडून गणपत सुताराने मला घडवलं आणि माझ्या अंगावर शंभर खिळे ठोकले. प्रत्येक खिळ्याला एक पितळी बिल्ला. एक बिल्ला म्हणजे बर्फाच्या दहा लाद्या.

माझं काम सोपं होतं. समुद्रावर निघालेल्या बोटीच्या माणसाने माझ्यावरून बिल्ले न्यायचे, गोदामात दाखवायचे आणि लाद्या भरून घ्यायच्या. खिळे रिकामे झाले की बर्फ संपला. एकच बिल्ला दोघांच्या हातात जात नाही, हे कळायला शिक्षण लागत नाही. तीस वर्षांत मी कोणालाही नसलेला बर्फ दिला नाही. तेव्हा माझं फार कौतुक होई. दसऱ्याला झेंडूचा हार मिळे.

माझ्यात एक खोट होती, ती मी लपवत नाही. माझ्यापुढे खिडकी एकच आणि रांग थेट जेट्टीपर्यंत. म्हणून सोसायटीने चार खिडक्या उघडायचं ठरवलं. प्रत्येक खिडकीत एक संगणक आणि चौघांच्या नोंदी एकाच जागी सांभाळणारा डेटाबेस. विचार चांगला होता. वाईट एवढंच झालं, की डेटाबेस निवडायचं काम समितीकडे गेलं.

समिती म्हणजे अध्यक्ष तुळशीदास, सचिव दिनेश आणि चहा. तुळशीदास न वाचता मान हलवतात. दिनेश वाचल्याचं सोंग करतो. जून महिन्यात, मासेमारीची बंदी असताना, यांची बैठक भरली. कचेरीत काम करणारी किर्ती तेवढी संगणक शिकलेली. तिने एक फुकट मिळणारा डेटाबेस सुचवला.

"काका, यात बोटींचा एक तक्ता, बर्फाचा दुसरा आणि दोघांची गाठ बांधलेली. चौघांनी एकदम मागितलं तरी हा एकेकाला घेतो. साठा संपला की सरळ नाही म्हणतो."

"नाही म्हणतो?" दिनेशचं तोंड आंबट झालं. "आपणच आणायचा आणि आपल्यालाच नाही म्हणणार? माझ्या मेव्हण्याचं दादरला दुकान आहे, तिथे जाऊन बघ. एकच फाइल, पटकन उघडते. वर बोटीचा फोटोपण टाकून देतो बोलला."

"ती एका माणसासाठी आहे, काका. चौघांनी एकदम उघडली तर..."

तुळशीदासांनी मोबाइलवर फोटो पाहिला. फोटोतली बोट हलत होती. ठराव मंजूर झाला.

मग या विद्वानांनी परीक्षा घेतली. जून आणि जुलै. गोदामात बर्फ नाही, जेट्टीवर चिटपाखरू नाही. दिनेश एकटा बसून खोट्या नोंदी करायचा आणि संध्याकाळी सांगायचा, "एक चूक नाही!" किर्ती म्हणाली, "एकदा चारी खिडक्यांवरून एकदम मागून बघू या ना."

"चार माणसं आणू कुठून? बंदी आहे!" दिनेश म्हणाला.

माझे बिल्ले गोणीत गेले. माझ्या खिळ्यांवर समितीचे रेनकोट लटकू लागले. ओल्या रबराचा तो वास मी दोन महिने सोसला.

एक ऑगस्टला बंदी उठली आणि सगळ्या बोटी एकाच सकाळी निघाल्या. सखुबाई त्यात होती. नवरा गेल्यापासून एक बोट आणि सहा खलाशी यांच्या जोरावर तिचं घर चालतं. तिसऱ्या खिडकीने तिला चाळीस लाद्यांची छापील चिठ्ठी दिली. गोदामात गेली तर फरशी नुसती ओली. त्याच क्षणी पहिल्या खिडकीलाही त्याच शेवटच्या चाळीस दिसल्या होत्या. त्या खिडकीने लाद्या दुसऱ्या बोटीला दिल्या आणि फाइलमध्ये तिची नोंद सखुबाईच्या नोंदीखाली पुसली गेली.

"सखुबाई, कम्प्युटरमध्ये तर तुमच्या नावावर चाळीस आहेत," दिनेश म्हणाला.

"मंग कम्प्युटरच भर माज्या बोटीत!"

गोदामाच्या रांगेत वेळ गेला तोवर शेजारच्या ससून डॉक बंदरावरचा बर्फही संपला होता, आणि इथे पुढचा बर्फाचा ट्रक तिसऱ्या दिवशी यायचा होता. बर्फाशिवाय आठ दिवस समुद्रावर जाऊन करायचं काय? पण हंगामाच्या पहिल्या दिवशी खलाशी बसून राहत नाहीत. दोघे दुपारीच दुसऱ्या बोटीवर चढले. उरलेल्या चौघांनी तिसऱ्या दिवसापर्यंतच थांबू असं सांगितलं. आता पुन्हा असंच झालं तर सखुबाईची बोट किनाऱ्यालाच राहणार होती.

ती संध्याकाळी शेवंती आणि आणखी दोन मासळीवाल्या बायकांना घेऊन कचेरीत आली. तिघींना तीन खिडक्यांत बसवलं, चौथीत स्वतः बसली. "दहा लाद्या शिल्लक लिवा. मी हात खाली केला की सगळ्यांनी एकदम मागायच्या."

दिनेशच्या फाइलने दहा लाद्यांच्या चार चिठ्ठ्या छापल्या. बोट मात्र छान हलत होती.

मग किर्तीने दोन महिने आपल्या लॅपटॉपवर तयार ठेवलेला डेटाबेस जोडला. सखुबाईने पुन्हा हात खाली केला. शेवंतीला चिठ्ठी मिळाली. बाकी तिघींच्या पडद्यावर आलं: शिल्लक नाही.

दिनेश खूश झाला. "बघा! तुम्हालाच नाही म्हणाला!"

"मंग म्हनू दे की," सखुबाई म्हणाली. "आज सकाळी असा तोंडावर नाय म्हनला असता, तर मी ससून डॉकवरनं बरफ आनला असता. माजी मानसं गेली नसती."

तुळशीदासांनी नेहमीप्रमाणे मान हलवली. या वेळी ती योग्य जागी हलली, त्यात त्यांचा काही हात नाही. तिसऱ्या दिवशी चारी खिडक्यांवर गर्दी होती आणि एकही लादी दोनदा गेली नाही. सखुबाईची बोट चार खलाशांवर निघाली. गेलेले दोघे परत आले नाहीत. दिनेशने बैठकीच्या इतिवृत्तात लिहिलं, "समितीच्या दूरदृष्टीमुळे नवी व्यवस्था यशस्वी झाली."

मित्रांनो, मला पुन्हा कामाला लावा असं मी म्हणत नाही. माझे दिवस सरले, त्याचं थोडं वाईट वाटतं, एवढंच. पण ज्याच्या भरवशावर अनेकांची पोटं चालणार, त्याला निवडताना गर्दी करून बघा आणि तो वेळेवर खरं बोलतो का ते बघा. रिकाम्या दिवशी कोणीही चालतं. आमची समितीसुद्धा.