मास्तर निवळले

मोटार शिकवणाऱ्या मास्तरांना सगळा भाग 'तोफ' म्हणायचा, आणि उगाच नव्हता म्हणत. शिकणाऱ्यानं क्लच जरा लवकर सोडला, गाडीनं आचका दिला, की शेजारच्या सीटवरून असा आवाज यायचा की रस्त्यावरची माणसं थबकायची. "पाय आहे का खांब?" हा त्यातला सगळ्यात सौम्य प्रश्न. पुढचं इथं लिहिण्यासारखं नाही. पण मास्तरांच्या हाताखालून गेलेली माणसं गाडी झकास चालवायची. त्यानंतर आयुष्यात कशाला म्हणून घाबरायची नाहीत बिचारी.

बरं, घरी तरी हा माणूस निवांत? छे! बायको वाचनालयात पुस्तकांच्या देवघेवीला बसायची. दिवसभर 'शांतता राखा' या पाटीखाली काम करायचं आणि संध्याकाळी तोफेच्या तोंडी जायचं, असा तिचा तीस वर्षांचा संसार. मीठ कमी पडलं, नळ टपकत राहिला, चपला आडव्या पडल्या, कशानंही यांचं पित्त खवळायचं. एकुलती एक मुलगी लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आली, तेव्हा मास्तरांनी भर टेबलावर जावयाला फैलावर घेतलं. कशावरून, तर त्यानं गाडी फाटकात आडवी लावली म्हणून! मुलगी ताटावरून उठली, ती सहा वर्षं या घराची पायरी चढली नाही. नात झाली, ती मास्तरांनी फोटोत पाहिली.

मग गेल्या वर्षी मास्तरांच्या पित्ताशयात खडे निघाले आणि ती पिशवीच काढून टाकावी लागली. मेहुणा दवाखान्यात भेटायला आला, तो खाटेशी उभा राहून म्हणाला, "भावोजी, पिशवीच गेली. आता खवळायला पित्त आणणार कुठून?" टाके ओढले जात होते तरी मास्तरही हसले.

आणि गंमत बघा, झालंही तसंच. मास्तर घरी आले ते निवळूनच. शिकणाऱ्यांना "सावकाश, घाई नाही" म्हणू लागले. भाजी अळणी झाली तरी तोंडातून ब्र नाही. बायकोनं मुलीला फोन केला, "अगं, माणूस पार बदललाय. एकदा येऊन बघ तरी." मुलगी जीव मुठीत धरून आली. पुढच्या रविवारी नातीला घेऊन आली, मग दर रविवारी यायला लागली. तीन वर्षांची चिमुरडी मास्तरांच्या मांडीवर बसून त्यांच्या मिशा ओढायची आणि मास्तर ओढू द्यायचे. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायची. तिच्या चेहऱ्यावर इतकं सुख मास्तरांनी लग्नातही पाहिलं नव्हतं.

खरी गोष्ट एकट्या मास्तरांना ठाऊक होती. दुखत होतं हो! बरगडीखाली उजवीकडे कळ उठायची, ती पाठीतून पार खांद्यापर्यंत जायची. खाल्लं की पाव तासात पोटात मुरडा, आणि मग जे हातात असेल ते टाकून पळायचं. रस्त्यावरचा प्रत्येक संडास त्यांना पाठ झाला होता. पेट्रोलपंपावर चावी मागावी लागते, बागेतल्याला कडी नाही, दंतवैद्याच्या जिन्याखालचा बरा आहे. शिकवणीचे रस्ते त्यांनी त्याच बेतानं आखले होते. एकदा पळायलाही उसंत मिळाली नव्हती. त्या दिवशी शिकणाऱ्या बाईंना त्यांनी अर्ध्या वाटेत उतरवलं आणि ओल्या सीटवर बसून रडत घरी आले. तेव्हापासून दिवसभर ते उपाशीच शिकवायचे. असा माणूस ओरडणार कुठल्या जोरावर? ओरडायला छाती भरून श्वास लागतो, आणि तेवढा श्वास घेतला की कळ यायची.

कुणाला सांगावं तर म्हणणार, "खडे काढले ना? मग आता काय दुखतंय?" मेहुणा तसंच म्हणाला. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनीही रिपोर्ट बघून "सगळं उत्तम आहे" म्हणत पाठीवर थाप मारली. मास्तर मूग गिळून बसले.

शेवटी कपडे अंगावर लोंबायला लागले, तेव्हा बायकोनंच त्यांना एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे ओढत नेलं. बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "हे मनाचे खेळ नाहीत," त्या म्हणाल्या. "पित्त साठवायला जागा राहिली नाही, ते सारखं आतड्यात उतरतंय. काहीजणांना होतं असं." मास्तरांचे डोळे भरून आले. बाईंनी पावडरीच्या पुड्या दिल्या. जेवणाआधी एक पुडी पाण्यात ढवळून घ्यायची. कळा तरीही राहिल्या तर पित्ताच्या नळीची तपासणी करू, असंही म्हणाल्या.

पुड्यांनी जादू केली. पाचव्या दिवशी मास्तर दुपारी पोटभर जेवले आणि त्यांना कुठंही पळावं लागलं नाही. कळाही मंदावल्या. रविवारी नात आली. तिनं रंगीत खडू घेतला आणि बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली.

"कुणी केलं हे?"

ती जुनी तोफ होती, अगदी पोटातून निघालेली. मास्तरांना स्वतःलाच कळलं नाही, आवाज कधी सुटला. नातीच्या हातातून खडू गळून पडला. ती रडलीसुद्धा नाही, तिथंच उभ्या उभ्या तिची चड्डी ओली झाली. मुलगी उठली. लेकीला पुसलं, बूट घातले, "आई, निघते," एवढंच म्हणाली.

पुढचे दोन रविवार कुणी आलं नाही. बायको दोन्ही रविवारी चार माणसांचा स्वयंपाक करून बसली होती. ते मास्तरांना बघवेना. त्यांनी कानाला खडा लावला, कसा, तर पुड्या घेणंच बंद केलं. तिसऱ्या दिवशी मुरडा आला, चौथ्या दिवशी कळ आली आणि तोफ थंड झाली. त्यांनी मुलीला फोन करून हळू आवाजात माफी मागितली. तिसऱ्या रविवारी मुलगी आली.

तेव्हापासून पुड्या कपाटाच्या माथ्यावर, बुटांच्या जुन्या खोक्यात जाऊ लागल्या. बायको देवघेवीवर गेली की मास्तर दिवसाच्या पुड्या कोंबायचे. डॉक्टरीणबाईंनी विचारलं की म्हणायचे, "थोडा थोडा फरक आहे," आणि नव्या पुड्या घेऊन यायचे.

एका रविवारी सकाळी त्यांनी खोकं खाली काढलं आणि ते गार पडले. कशाही कोंबलेल्या पुड्या नीट चळत लावून, रबर घालून ठेवल्या होत्या. वाचनालयातली कार्डं ठेवतात तशा.

खोकं घेऊनच ते स्वयंपाकघरात आले. बायको गाजरं सोलत होती.

"अगं, हे तू केलंस?"

ती सोलत राहिली. "हो."

"कधी?"

"झाला असेल महिना."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?"

मास्तर स्टुलावर बसले. "मला भीती वाटते गं. दुखत असलं की तोंड बंद राहतं. बरं वाटायला लागलं की ते परत सुटतं, मला आवरत नाही. पोर परत गेली तर आता यायची नाही."

बायकोनं सुरी खाली ठेवली. पदरात तोंड लपवून ती रडायला लागली. "मला माहीत होतं," ती म्हणाली. "खोकं सापडलं तेव्हाच कळलं. वाटलं, सांगू, पण या रविवारी नको, पुढच्या रविवारी सांगू. तुम्ही संडासात कण्हत बसायचात, मी बाहेर पोरीला खेळवायचे, आणि मला बरं वाटायचं. अहो, बरं वाटायचं मला! कसली बाई आहे मी!"

मास्तरांना वाटलं, आता आपण चिडायला हवं. पण त्यांना एवढंच दिसलं की तीस वर्षांत या बाईनं आपल्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि न बोलता मागितले ते एवढे रविवारच.

"असं नको बोलूस," ते म्हणाले.

तिनं डोळे पुसले. उठून ग्लासात पाणी घेतलं, खोक्यातली एक पुडी फोडली आणि चमच्यानं ढवळायला लागली. चमचा काचेवर वाजत होता. "घ्या," ती म्हणाली. "आत्ता घ्या. मग जे व्हायचं ते होऊ दे. ओरडलात तर ओरडलात."

मास्तरांनी ग्लास हातात घेतला. तेवढ्यात दाराची घंटा वाजली. बाहेरून नातीनं दोन्ही हातांनी दारावर थापा मारल्या. "आजोबाऽ! दार उघडाऽ!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बरगडीखाली कळ उठली होती. मास्तर ती नेहमीसारखी दाबून बसले.

"त्या गेल्यावर घेतो," ते म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. संध्याकाळी."

"हो, संध्याकाळी घ्या," बायको म्हणाली. तिनं त्यांच्या हातातून ग्लास काढून घेतला, औषध मोरीत ओतलं आणि मुलीला दिसू नये म्हणून ग्लास दोनदा विसळून पालथा घातला. मग ती दार उघडायला गेली.