रॉयसचा पट्टा

या, असे जवळ सरकून बसा. पाळक आमच्या रीतीप्रमाणे सुरात प्रवचन गायला उभे राहीपर्यंत आमच्या रॉयसच्या पट्ट्याची गोष्ट सांगते.

"त्याला हात लावायचा नाही," व्हर्नेलवहिनी म्हणाल्या.

आम्ही इथेच, मेकन गावच्या या चर्चच्या तळघरात होतो. बाप्तिस्म्याच्या हौदासाठी पाणी तापवणारा बंब तिथे आहे. त्याच्या वरच्या नळीला एक छोटी टाकी आडवी लटकत होती. पाणी तापलं की फुगतं. त्याला शिरायला जागा हवी, ती या टाकीत. वहिनींचे यजमान रॉयस यांनी ती बसवली, आणि ब्रॅकेट मिळेना म्हणून कमरेचा पट्टा काढून नळीलाच आवळली. पुढे लवकरच ते गेले. त्यांच्या हातचं शेवटचं काम ते.

आता सांध्यातून पाणी ठिबकत होतं, आणि रविवारी वहिनींच्या थोरल्या भावाचा, अलोन्झोदादांचा, बाप्तिस्मा. जन्मभर चर्चच्या पायरीवरून परत फिरलेला माणूस. त्यात छाती इतकी नाजूक, की गार पाण्यात उतरवणं म्हणजे जिवाशी खेळ.

"पाणी गार राहिलं, तर दादा परत 'पुढच्या वर्षी' म्हणतील," मी म्हटलं.

"म्हणू देत. माझ्या रॉयसचं काम चुकलं असं कुणी म्हणायचं नाही."

थिओटिस, आमचा प्लंबर आणि रॉयसचा दोस्त, पालथ्या बादलीवर बसला होता. "मी कुठे काय म्हणतोय, वहिनी? प्रवचनात पाळक साद घालतात आणि तुम्ही उत्तर देता ना, तशी साद या टाकीला घालून बघा. बोटाने वाजवा. निम्म्या टाकीत हवा असते, तिथून पोकळ उत्तर यायला हवं."

वहिनींनी वाजवलं. या टोकाला ठप्प. त्या टोकालाही ठप्प. गाणारा कान त्यांचा. दुसऱ्यांदा वाजवावं लागलं नाही.

"मुकी झालीय."

"हवा आणि पाणी वेगळं ठेवणारा आतला रबरी पडदा फाटला. पाण्याने भरलीय, आणि सगळा भार नळीवर. रॉयस असता तर त्यानेच उतरवली असती. वर मला शिव्या, इतके दिवस झोपला होतास का म्हणून."

"चर्चमध्ये शिव्या?"

"तळघरात. इथलं देवाला ऐकू जात नाही, असं त्याचं मत."

वहिनी हसल्या, डोळे पुसले आणि स्वतःच पट्ट्याला हात घातला.

"थांबा, बंब आणि पाणी आधी बंद करू द्या. नाहीतर आपलाच बाप्तिस्मा व्हायचा."

थिओटिसने दाब सोडला, टाकी उतरवली. नव्या टाकीत सायकलच्या पंपाने हवा भरली, नळाच्या पाण्याच्या दाबाइतकीच. भिंतीच्या लाकडी खांबाला लोखंडी ब्रॅकेट स्क्रूने घट्ट केला आणि टाकी त्यात बसवली. "भार भिंतीने घ्यायचा. नळीने नुसतं पाणी न्यायचं."

रविवारी हौदावर वाफ होती. अलोन्झोदादांना पांढरा झगा ढगळ होत होता; वहिनींनी कमरेला रॉयसचा पट्टा बांधला. पाळकांनी सुरात साद घातली, आणि पाण्यातून वर येता येता दादांनी जन्मात पहिल्यांदा उत्तर दिलं.

गरम पाण्याचा नळ सोडाल, तेव्हा आमच्या रॉयसची आठवण ठेवा. त्यांच्याकडे ब्रॅकेट नव्हता. पट्टा होता, तो त्यांनी दिला.