डेल्मरची जीप आणि गावाची पैज

माझ्या नवऱ्याने, डेल्मरने, जुनी जीप घेतली तेव्हा ती आमच्या दारात चालत आली नाही, दुसऱ्याच्या ट्रकवर बसून आली. वरून गंज, खालून डांबरासारखा काळा लेप, आणि मागच्या सीटमध्ये उंदरांचा भरलेला संसार. विकणारा म्हणाला, "खालची चौकट, चेसिस, एकदम दणकट आहे." चौकटीवर हातोडी मारून बघायची सोडून डेल्मरने त्याच्याशी हात मिळवला. मिनेसोटात गंज म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही कळतं. हिवाळाभर बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात, गाड्या लोणच्यासारख्या मुरतात. पण प्रेमात पडलेल्या माणसाला कोण सांगणार?

मी सांगणार होते. तोंडाशी आलेलं गिळलं. कागदाची गिरणी बंद पडल्यापासून हा माणूस नुसता बसून होता. वाढलं तर जेवायचा, नाही वाढलं तर तसाच. माझ्याशी भांडणंसुद्धा सोडलं होतं त्याने, आणि इतक्या वर्षांच्या संसारात मला त्याइतकी भीती कशाची वाटली नव्हती. जीप आली आणि गॅरेजातून आवाज आला, "कॉर्लिस, माझा पाना कुठे दडवलास?" मी त्याचा पाना जन्मात कधी हातात धरला नव्हता. पण बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मार्चपर्यंत त्याने इंजिन उतरवलं, पेट्रोलची टाकी काढली, सीटा काढल्या. गॅरेजात पाय ठेवायला जागा उरेना, म्हणून सांगाडा ढकलून रस्त्याकडेला उभा केला आणि आम्ही आठवडाभर मुलीकडे गेलो. तिथेच माती खाल्ली.

आमच्या गावची एक रीत आहे. दरवर्षी गोठलेल्या तळ्यावर एक भंगार गाडी नेऊन ठेवायची. बर्फ वितळून ती कोणत्या दिवशी बुडेल यावर गाव तिकिटं काढून पैज लावतं, आणि बक्षीस देऊन उरलेला पैसा अग्निशामक दलाला जातो. बुडालेली गाडी नंतर ओढून काढता यावी म्हणून तिला काठापर्यंत लांब साखळी बांधलेली असते. तळं नासू नये म्हणून गाडीतलं इंजिन, टाकी, सगळं आधीच काढायचं. मग देणारा ती रस्त्याकडेला लावून ठेवतो आणि दलवाले येऊन उचलतात. यंदा गाडी द्यायची होती आमच्या शेजाऱ्याने.

आम्ही परत आलो तर आमची जीप तळ्याच्या मधोमध, बोनेटवर झेंडा रोवलेला.

दलाचा प्रमुख ऑरिन, म्हणजे माझाच सख्खा धाकटा भाऊ. डेल्मर तडक त्याच्या घरी गेला. मी मागोमाग.

"इंजिन नाही, टाकी नाही, सीटा नाहीत," ऑरिन म्हणाला. "आम्हाला काय वाटणार, भाऊजी? ही नीट करायची गाडी आहे हे तिच्या तोंडावरून तरी कळतं का?"

"परत आण."

"परवापासून ऊन तापलंय. आता ट्रक नेला बर्फावर, तर ट्रकवरही पैज लावावी लागेल."

"साखळी बांधलीय ना तिला? काठावरून ओढ."

"तिकिटं खपलीत, भाऊजी. गावाला विचारावं लागेल."

गावाला विचारलं. दलाच्या शेडमध्ये सभा भरली, हात वर झाले, सगळे जीप तिथेच राहू दे म्हणणारे. आमच्या चर्चच्या पास्टर एंगस्ट्रॉमनेही हात वर केला. देवाच्या मर्जीत आपण ढवळाढवळ करू नये, म्हणाला. त्याचं तिकीट बारा एप्रिलचं होतं, म्हणून देवाची एवढी काळजी.

डेल्मर घरी आला आणि पुन्हा गप्प झाला. गॅरेजकडे फिरकेना. मी ऑरिनला फोन करून त्याच्या बाळपणापासूनचे सगळे पराक्रम ऐकवले. त्याने काय होणार होतं? माझं मन जरा हलकं झालं, एवढंच.

अकरा एप्रिलच्या दुपारी बर्फ कडाडला आणि जीप नाक खाली करून बुडाली. "न्हालं एकदाचं घोडं गंगेत," कोणीतरी म्हणालं. एका दिवसाने हुकलेल्या पास्टरचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण मला हसू आलं नाही. डेल्मर बघायलाही आला नव्हता.

तळं मोकळं झाल्यावर दलाने ट्रक आणून साखळी ओढली. त्या दिवशी मी डेल्मरला दंडाला धरून नेलं. पुढची चाकं वर आली, बोनेट आलं, स्टिअरिंग आलं, आणि तिथे जीप संपली. मागचं अर्धं धड पाण्यातच राहिलं. काळ्या लेपाखाली चौकट कुजून गेली होती.

ऑरिनने डोक्यावरची टोपी काढली. "भाऊजी, आता काय बोलू..."

मी डेल्मरचं तोंड बघत होते. हा आता एक शब्द न बोलता घराकडे वळला, तर मी भावाला तिथेच बुडवणार होते.

डेल्मर वाकला. तुटलेल्या टोकात बोट घालून त्याने गंजाचा एक पोपडा उचकटला, चोळून बघितला. "हरामखोर. डांबर फासून विकली मला," तो म्हणाला. मग ऑरिनकडे वळला. "उभा काय राहिलायस? साखळी सोडव आणि टोक दे इकडे. मागचा ॲक्सल चांगला आहे माझा."

आणि पँट-बुटांसकट पाण्यात शिरला.

"डेल्मर, छातीत कळ येऊन मरशील!" मी ओरडले.

"तिथून बोंबलू नकोस, इथे येऊन धर," तो कमरेएवढ्या पाण्यातून म्हणाला. "तुझ्या भावाच्या हातून धड काही होत नाही."

मी पर्स पास्टरच्या हातात कोंबली, बूट काढले आणि डेल्मरला शिव्या घालत पाण्यात उतरले.