मागच्या काचेतली पाटी

पाटीची दोरी विटून गेली होती… पिवळी पाटी, वर दोनच शब्द: ‘बस रिकामी’. ड्रीमाने ती आपल्या बसच्या मागच्या काचेला अडकवली आणि पुन्हा वाकून शेवटच्या बाकाखाली पाहिलं. एक मोजा, चघळलेली पेन्सिल. मूल नाही. पाटी मागे लावायची ती याचसाठी, की मुलं शाळेत उतरल्यावर ड्रायव्हरला एकेक बाक बघत शेवटपर्यंत चालावंच लागावं. गेले सोळा दिवस ती दोनदा चालत होती.

सोळा दिवस… जुना ड्रायव्हर व्हर्लिन, त्याचा गुडघा हिवाळ्यापासून कामातून गेलेला, म्हणून डेपोत त्याची बस लागली की तीच मागचं दार बाहेरून उघडायची, हात आत घालून पाटी अडकवायची आणि धाडकन दार लावून मोकळी. तिथे सगळेच एकमेकांसाठी असं करायचे, त्यात कुणाला वावगं वाटलं नव्हतं. सोळा दिवसांपूर्वी त्याच्या बसच्या चौथ्या बाकावर बालवाडीतली एक मुलगी झोपलेली होती. दोन तास, बंद बसमध्ये, त्या थंडीत. सापडली तेव्हा रडून घसा बसलेला, बाकी धडधाकट— पण ड्रीमाला अजून काचेवरचे त्या पोरीच्या हातांचे ठसे दिसायचे.

व्हर्लिनला घरी बसवलं. त्याने ड्रीमाचं नाव घेतलं नाही.

“तुम्ही का नाही सांगितलंत?” काल तिने विचारलं होतं.

“सांगायचं काय त्यात? बस माझी, पोरगी माझ्या भरवशावर. बघायचं मीच होतं.”

“पण पाटी मी लावली, व्हर्लिन!”

“लावलीस, बरं. आता तोंडाला कुलूपही लाव. कॉलेजात जातेस ना? आधी साहेबीण हो, मग दे भाषणं.”

साहेबीण! डेपोप्रमुखाची जागा जूनमध्ये रिकामी होणार, त्यासाठी गावातल्या दोन वर्षांच्या कॉलेजात तीन विषय पास व्हायचे— नेतृत्व, शासनव्यवस्था, नीतिशास्त्र. शेहेचाळीसाव्या वर्षी ती एकोणीस वर्षांच्या पोरांशेजारी वही उघडून बसायची आणि हट्टाने पहिल्या बाकावर बसायची. नीतिशास्त्राच्या औझली सरांनी एक पान लिहायला दिलं होतं: खोटं न बोलता गप्प राहणं हे खोटं बोलणंच का? ड्रीमाने लिहिलं, ‘होय’. ती मुलगी सापडल्यानंतर तिसऱ्याच दिवशी लिहिलं. पैकीच्या पैकी मार्क. “ऐका रे, मुलिन्सबाईंनी काय लिहिलंय,” म्हणत सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि ही आपली मान खाली घालून वहीचा कोपरा दुमडत बसली. लोका सांगे ब्रह्मज्ञान… त्या मार्कांची तिला लाज वाटत होती. साध्या शब्दांत, लाज.

शासनव्यवस्थेचा तास मात्र कामी आला. शाळा मंडळाच्या बैठकीत कुणालाही तीन मिनिटं बोलता येतं, फक्त सुरू होण्याआधी चिठ्ठी द्यायची. चिठ्ठी नाही तर तोंड उघडायचं नाही. आज दहाच्या बैठकीत व्हर्लिनच्या नोकरीचा निकाल होता.

दहाला पाच मिनिटं असताना ती टेबलापाशी उभी राहिली.

“व्हर्लिनच्या बाजूने की विरुद्ध?” कारकून बाईंनी मान वर न करता विचारलं.

“माझ्याविरुद्ध.”

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “अगं बाई, असा रकाना नाही इथे.”

“मग नुसतं नाव लिहा. ड्रीमा मुलिन्स, बस नंबर सात.”

खुर्ची मिळाली ती अगदी मागची. पुढे व्हर्लिन दुखरा पाय लांब करून बसलेला. त्याने वळून पाहिलं, तिच्या हातातला, बाईंनी फाडून दिलेला चिठ्ठीचा अर्धा तुकडा पाहिला आणि हळूच मान हलवली— नको. पाठ केलेली वाक्यं एकेक करून गळत चालली होती… जून, ती जागा, ती खोली, दारावरचं नाव. गेलं तर गेलं. बोलून काय होईल ते तिला माहीत नव्हतं. न बोलता काय होतं ते सोळा दिवस पुरेपूर कळलं होतं.

अध्यक्षांनी नाव पुकारलं. ती उठली. खुर्च्यांच्या मधल्या वाटेने निघाली तेव्हा सवयीने नजर डावीकडे गेली, मग उजवीकडे, प्रत्येक रांगेत, आणि छातीतली धडधड हळूहळू पावलांच्या चालीवर आली. घाई करायची नाही. एकही बाक सोडायचा नाही.