जुना ‘सी’ आणि खड्ड्यातला ट्रक

एका अक्षरापायी ब्रिटाचं डोकं फिरायची वेळ आली होती. कॉलेजच्या पहिल्या वर्षी रसायनशास्त्रात तिला ‘सी’ मिळाला. पुढे सगळीकडे ‘ए’च, पण पदवीनंतर डॉक्टरकीच्या कॉलेजांना अर्ज करायचे दिवस जवळ आले, तसा तो जुना ‘सी’ सलायला लागला. शेवटच्या सत्रात एकाच विषयाला जागा उरली होती. तोच विषय पुन्हा घ्यायचा, नाहीतर जीवरसायन.

कॉलेजातल्या सल्लागार बाईंनी तर सरळ सांगितलं होतं, “सी चालतो. पुन्हा घेतलास म्हणून जुना पुसला जात नाही, दोन्ही दिसतात. त्यापेक्षा जीवरसायन घे आणि चमकून दाखव.”

जुना विषय आता दुसरंच कुणी शिकवायचं, पण जीवरसायन शिकवणार कोण, तर हाल्वरसन मॅडम. ‘सी’ देणाऱ्याच! तिथे परत तेच झालं, तर डॉक्टरकी विसराच.

शुक्रवारी ती घरी आली. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या घरांसारखाच तिच्याही घरी शुक्रवारी तळलेला मासा. ताटावर बसता बसताच तिनं जाहीर केलं, “मी जुनाच विषय पुन्हा घेतेय. मेहनत तरी दिसेल.”

“येतंय तेच गिरवण्यात कसली डोंबलाची मेहनत?” आई म्हणाली. “तेव्हा अडलं कुठे होतं?”

“तिसऱ्या आठवड्यापासून काही कळेचना.”

“मग विचारायचं मॅडमना.”

“सगळ्यांसमोर? वेडी ठरले असते!”

आई हसत सुटली. “घ्या! अगदी बापाची लेक. नॉर्बर्ट, सांग की तुझं ट्रकचं.”

बाबा रस्त्यावरचा बर्फ हटवायचा ट्रक चालवायचे. ते माशातच मान घालून बसले.

“पहिल्याच हिवाळ्यात चढावर ट्रक खड्ड्यात!” आईच सांगायला लागली. “जवळ ऑफिसशी बोलायचा रेडिओ होता, पण मदत मागायची लाज. अख्खी दुपार फावडं मारत बसला हा बाबा. शेवटी शाळेची बस आली, त्याला बघून पोरांनी टाळ्या पिटल्या.”

ब्रिटाला हसू आवरेना. बाबांनी काटा खाली ठेवला.

“खड्ड्यात गेलो म्हणून साहेब काही बोलला नाही. रेडिओ का केला नाहीस, म्हणून मात्र त्यानं झाप झाप झापलं. आणि दुसऱ्या दिवशी त्याच चढावर धाडलं.”

“भीती नाही वाटली?”

“वाटली ना. रेडिओ मांडीवर घेऊनच बसलो होतो.”

ब्रिटाचं हसणं थांबलं. तिला स्वतःचीच लाज वाटली. मेहनतबिहनत काही नाही, ती हाल्वरसन मॅडमपासून पळत होती.

तिनं जीवरसायन घेतलं. तिसऱ्या आठवड्यात फळा भरला आणि तिला ओ की ठो कळेना. तिनं हात वर केला.

“मॅडम, मला कळलं नाही.”

“कुठपासून?”

“पहिल्या ओळीपासून.”

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, “मलापण.” मॅडमनी फळा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

बाहेर पडल्या पडल्या तिनं बाबांना फोन लावला.

“बाबा, रेडिओ केला.”

“मग? आलं का कुणी?”

“आलं.”