कॉलेज बघण्याचा कार्यक्रम

भिमाजींनी वसतिगृहाचा नळ सोडला, ओंजळ भरली आणि पाणी पिऊन टाकलं. मग ओला हात मिशांवरून फिरवत मागे उभ्या असलेल्या टायवाल्या तरुणाला विचारलं,

"बोरचं का धरणाचं?"

"सर, आपल्याकडे फिल्टर प्लांट आहे."

"त्ये व्हय. पर येतं कुठनं?"

कॉलेज दाखवण्यासाठीच नेमलेल्या त्या तरुणाला कोणत्या कंपनीत किती पगाराची नोकरी लागते ते तोंडपाठ होतं, पण पाणी कुठून येतं ते माहीत नव्हतं. आरती सासऱ्यांच्या मागे पदर तोंडाला लावून उभी होती. हसू आवरायचं म्हणजे तिला पदराशिवाय दुसरा उपाय नव्हता.

खरं तर तिला याची कल्पना होतीच. भावकीत कुणाच्याही मुलीला स्थळ आलं की पाहणीला भिमाजी पाहिजेतच. फेटा बांधून ते जाणार, पाणवठा बघणार, गोठ्यात डोकावणार, शेजारच्या म्हातारीशी तंबाखू मळत गप्पा मारणार आणि परत येऊन एका शब्दात निकाल सांगणार. नारायणगाव ते मंचर पट्ट्यातल्या कितीतरी मुली त्यांच्या पसंतीच्या घरी नांदत होत्या, आणि बऱ्यापैकी सुखानं नांदत होत्या. त्यामुळे नात श्रेया बारावीला अशा मार्कांनी पास झाली की गावच्या स्टँडवर तिचा फ्लेक्स लागला, आणि दोन कॉलेजांनी तिला 'या' म्हटलं, तेव्हा भिमाजींनी पेटीतून फेटा काढला. कॉलेज म्हणजे काही स्थळ नव्हे, हे त्यांना सांगायची घरात कुणाची छाती नव्हती.

पहिलं कॉलेज हे, हायवेवरचं, काचेचं. इथं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग आणि मार्कांवर निम्मी फी माफ. जागा पक्की करायची तर उद्यापर्यंत कळवायला हवं होतं. दुसरं कॉलेज पुण्यातलं, जुनं. तिथं बी.एस्सी., फिजिक्स. फी थोडी, आणि मूलभूत विज्ञान घेणाऱ्या हुशार मुलांना सरकारची शिष्यवृत्ती दर वर्षी.

चाकणच्या कंपनीत असलेल्या सुभाषचं, म्हणजे आरतीच्या दिराचं, मत ठरलेलं होतं. तो स्वतःची गाडी काढून आला होता तोही त्याच उत्साहात.

"वहिनी, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं न्हाई. इंजिनिअर झाली की आमच्या कंपनीत सुद्धा चिकटंल. बी.एस्सी. करून काय मास्तरीण व्हायचंय तिला?"

श्रेयाचे वडील गोरख "आबा म्हणतील तसं" एवढंच म्हणून गाडीत पुढच्या सीटवर बसले होते. ते आयुष्यभर तेवढंच म्हणत आले होते.

श्रेया मात्र गप्प होती, आणि ते आरतीला टोचत होतं. आठवीत असल्यापासून ही पोर माळवदावर बसून खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठाल्या छत्र्या बघायची. कांदा निवडायला हाक मारली तरी हलायची नाही. सगळ्या छत्र्या एकदम एका बाजूला वळल्या की धावत खाली यायची आणि आता त्या काय ऐकत असतील ते आईला सांगायची. आरतीला त्यातलं फारसं कळत नसे, पण पोरीचा चेहरा कळत असे. चार दिवसांपूर्वी श्रेया तिला म्हणाली होती, "इंजिनिअरिंग मी करीन गं आई. नापासही होणार नाही. पण माझं तिथं मन नाही लागायचं." मन न लागता दिवस कसे काढतात ते आरतीला कुणी सांगायची गरज नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा पहिले सहा महिने तिनं तेच केलं होतं.

गार हवेच्या ऑफिसात त्यांच्यापुढे कॉफी आली, बिस्किटं आली. भिमाजींनी कॉफी बशीत ओतून मजेत भुरकली. मग तरुणाला जवळ बोलावलं.

"समजा, पोरगी आजारी पडली. मार्क घसरलं. तर?"

"तर मग पुढच्या वर्षीची सवलत रद्द होते सर. नियमच आहे तसा."

"आस्सं," भिमाजी म्हणाले आणि त्यांनी आणखी एक बिस्कीट उचललं. ते संपल्यावर आणखी एक. निघताना त्यांनी तरुणाच्या पाठीवर थाप मारली. "लई झ्याक हाय राव तुमचं!"

सुभाषनं आरतीकडे बघून भुवया उडवल्या. आरतीनं पदर सारखा केला. श्रेया कॉलेजचं गुळगुळीत माहितीपत्रक गुंडाळत होती आणि उलगडत होती.

पुण्यातलं कॉलेज दगडी होतं आणि दाखवायला कुणी टायवाला नव्हता. वसतिगृहाच्या मावशींनी किल्ल्यांचा जुडगा हलवत सगळं दाखवलं. भिमाजींनी इथंही नळ सोडला. पाणी बोटांवरून वाहू दिलं, वास घेतला आणि नळ बंद केला. मावशींशी मात्र ते बराच वेळ बोलले. रात्री दार किती वाजता लावता, पोरी रडतात का, रडल्या तर कोण समजूत घालतं.

"मीच घालते. दुसरं कोण हाय?" मावशी म्हणाल्या.

विभागप्रमुख डुंबरे मॅडम त्यांच्या खोलीत भेटल्या. आडनाव ऐकल्याबरोबर भिमाजी खुर्चीत पुढे सरकले.

"कुठलं डुंबरं तुमी?"

"ओतूरची."

"मग आपल्याच की!"

मॅडम हसल्या आणि त्यांनी श्रेयाकडे वळून तिचं गाव विचारलं. खोडदजवळची म्हणजे छत्र्या रोज बघत असशील, एकाच भल्यामोठ्या छत्रीचं काम इतक्या सगळ्या छत्र्या मिळून का करतात, सांग बघू, असं काहीतरी त्यांनी विचारलं. श्रेया आधी चाचरली. मग एक वाक्य बोलली, मग दुसरं, आणि मग उठून सरळ फळ्यापाशी गेली. खडू घेतला. मॅडमनी मध्येच "नाही, नाही" म्हटलं तर "थांबा ना मॅडम!" म्हणाली. मागे आजोबा बसलेत, काका बसलेत, ओढणी खुर्चीवरच राहिलीय, यातलं काहीही तिच्या ध्यानात नव्हतं. आरतीचा ऊर भरून आला. आपली लेक इतकी सुंदर दिसते, हे तिनं आज नव्यानंच पाहिलं.

भिमाजी टक लावून बघत होते. खडू खाली ठेवला गेल्यावर त्यांनी त्यांचा प्रश्न विचारला.

"मॅडम, समजा, पोरगी आजारी पडली. मार्क घसरलं. तर?"

"आधी दवाखान्यात नेऊ आजोबा," मॅडम म्हणाल्या. "मार्कांचं मग बघू. सरकारची शिष्यवृत्ती एखाद्या वर्षी अडली तर कॉलेजच्या निधीतून काहीतरी करता येतं. तिला घरी नाही बसू देणार."

भिमाजींनी मान हलवली. एवढ्यात शिपाई चहा घेऊन आला. सगळ्यांनी कप घेतले, भिमाजींनी हात जोडले.

"मला नगं."

"अहो, थोडासा तरी."

"न्हाई, न्हाई. इच्छा न्हाई."

"निदान पाणी तरी घ्या. एवढ्या लांबून आलात."

"पाणी बी नगं," ते म्हणाले आणि काठी घेऊन उठलेच.

आरतीनं कप खाली ठेवला. सासऱ्यांनी चहाला नाही म्हटलेलं तिनं एवढ्या वर्षांत पाहिलं नव्हतं. दहाव्याला गेले तरी चहा पिऊन येणारा माणूस. तिकडं पोटभर बिस्किटं खाल्ली, आणि इथं घोटभर पाणीसुद्धा नाही. म्हणजे निकाल लागलाच होता.

परतीच्या वाटेवर सुभाष शीळ घालत गाडी चालवत होता. श्रेया खिडकीला डोकं टेकून बसली होती. आरतीनं तिचा हात हातात घेतला, तेव्हा त्याला अजून खडू लागलेला होता. घरी गेल्यावर आपण बोलायचं, असं आरतीनं ठरवलं. सासऱ्यांपुढे आजवर बोललो नाही, पण आज बोलायचं. काय बोलायचं तेही ती मनात जुळवत होती, आणि दर वेळी पहिल्याच वाक्याला अडखळत होती.

मंचरच्या अलीकडे भिमाजींनी गाडी थांबवायला लावली. हॉटेलात शिरल्याबरोबर त्यांनी जग उचलला आणि वरूनच गटागटा निम्मा रिकामा केला. मग चहा मागवला, भजी मागवली.

"आबा, एवढी तहान लागली व्हती तर तिथं पाणी का न्हाई घेतलं?" सुभाषनं विचारलं.

भिमाजींनी जग खाली ठेवला आणि मुलाकडे असं बघितलं, जणू त्यानं भलतंच काही विचारलंय.

"लेकीच्या घरचं पाणी पितो का रं आपण?"

भज्यांची बशी आली ती तशीच राहिली. आजही मढला आशाकडे, त्यांच्या मुलीकडे, जाताना ते घरून बाटली भरून नेतात. तिला दोन पोरं झाली तरी नेतात. हे आरतीनं कितीदा पाहिलं होतं, कितीदा ती बाटली स्वतः भरून दिली होती. तिचा जीव भांड्यात पडला आणि त्याच वेळी डोळे भरून आले. काय करावं ते न सुचून ती सासऱ्यांसमोर मोठ्यानं हसली. पदर तोंडाला लावायचं राहूनच गेलं.

"आणि तिकडं बिस्किटं खाल्लीत ती?" सुभाष अजून हार मानायला तयार नव्हता.

"सोयरीक करायची नसंल तिथं पोटभर खावं. मानसाला वाईट वाटत न्हाई."

गोरखनं, आबा म्हणतील तसं म्हणणाऱ्या गोरखनं, भज्यांची बशी उचलून आधी लेकीपुढे ठेवली.

श्रेया आजोबांकडे बघत होती. तिचा आवाज जरा ओला झाला होता, तरी तिनं विचारलंच,

"आबा, तिथं वसतिगृहात वर्षातून एकदा घरच्यांना जेवायला बोलावतात. तुम्ही येणारच नाही का मग?"

"न्हाई कसा? येनार की," भिमाजी भजं उचलत म्हणाले. "भाकरी घरनं बांधून आनीन."